अंगणात-परड्यात हिंडणाऱ्या सशाला ट्रेची सवय कशी लावावी

ससा मूळचा एका जागी लघवी करणारा प्राणी आहे. आपण पाळतो तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंश, आणि ते ससे त्यासाठी ठरावीक जागा राखून ठेवतात. त्यामुळे कायम घरात राहणारा ससा ट्रे, म्हणजे लघवी-लेंड्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, चटकन शिकतो. अवघड जातं ते दिवसातला काही वेळ अंगणात, परड्यात नाहीतर गच्चीवर हिंडणाऱ्या सशाला. बाहेर पायाखाली माती आणि गवत असतं, तिथं मोकळं व्हायची सवय जडते, आणि घरात आल्यावर तो तसंच मऊ काहीतरी शोधतो: पायपुसणं, गोधडी, गादीचा कोपरा. तरीही बाहेर सोडणं बंद करू नका. सशाला कोवळं ऊन, गवत आणि पळायला जागा हवीच. बदलायचा आहे तो क्रम. आधी घरातला ट्रे पक्का करायचा, मग अंगण उघडायचं, आणि पुढे कायम ट्रेवरूनच अंगणात न्यायचं.

कितपत जमलंय हे ठरवताना लघवी बघा, लेंड्यांचा हिशोब ठेवू नका. मोठा ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो आणि उत्तम शिकलेल्या सशाच्याही थोड्या इकडेतिकडे पडतात. त्या सुक्या असतात, फारसा वास नसतो, झाडूनं निघतात. घरात ट्रेबाहेर लघवी होत नाही, एवढं साधलं की काम झालं. याखेरीज तो बहुधा रात्री-पहाटे मऊ, काळपट, चिकट लेंड्यांचा द्राक्षाच्या इवल्या घडासारखा झुबका टाकतो आणि तिथल्या तिथे तोंडानं उचलून खातो. हे त्याचं दुसऱ्यांदा होणारं पचन आहे. त्यावरून त्याला रागावू नका.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेलं पिल्लू घरी आणून त्याला हे शिकवता येत नाही. तो रानससा, वेगळ्या जातीचा. तो बीळ करत नाही, माणसाळत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पाळता येत नाही. पिल्लू दिसलं तर सरीतल्या जवळच्या आडोशाला ठेवा. आई दिवसभर लांब असते आणि अंधारात येऊन पाजते.

आधी नसबंदी

वयात आलेला नर चार-पाच महिन्यांपासून शेपटी उचलून लघवीचे फवारे उडवतो, मादीही हद्द आखायला लघवी करते. अंगणात मांजरं फिरत असतील, शेजाऱ्यांचे ससे असतील तर हे आणखी वाढतं. ट्रे कितीही चांगला असला तरी हार्मोन्सपुढे त्याचं चालत नाही. नराची नसबंदी अंडकोश खाली उतरल्यावर, साधारण चौथ्या महिन्यानंतर होते, मादीची पाचव्या-सहाव्या महिन्यापासून. मादीसाठी तर ती जीव वाचवणारी आहे, कारण नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. शस्त्रक्रियेनंतर सवयी निवळायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस नराला मादीपासून लांबच ठेवा, तो अजून पिल्लं देऊ शकतो.

आपल्याकडचे बरेचसे पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या, कुत्र्यांवर उपचार करणारे असतात. म्हणून आधी विचारा: सशाला भूल दिली आहे का, आणि शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायला सांगता का. सशाला उलटी होत नाही, त्याला कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर दुसरीकडे चौकशी करा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येईल.

ट्रे आणि त्यात काय घालायचं

दोन किलोच्या सशाला किमान ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा ट्रे लागतो. त्यात त्याला पूर्ण वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून बसता आलं पाहिजे. भिंती १५ सेंटिमीटर उंच, आत शिरायच्या बाजूला ८ ते १० सेंटिमीटर. मांजरांसाठी मिळणारे ट्रे बहुधा लहान पडतात. बांधकामाचं मोठं प्लास्टिकचं घमेलं स्वस्त आणि टिकाऊ, फक्त त्याचा तळ सपाट बघून घ्या. द्राक्षाचं किंवा टोमॅटोचं क्रेटही चालतं, पण त्याला भोकं असतात. आत जाड प्लास्टिकचा कागद घालून कडा बाहेर दुमडा, आणि एक बाजू करवतीनं खाली कापून धार घासून काढा. तळाला उघडी तारेची जाळी नको. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात, आणि जाळीवर बसून टाचांना जखमा होतात.

आत काय भरायचं यात सगळ्यात जास्त चुका होतात, त्यामुळे थोडं विस्तारानं. खाली वर्तमानपत्राचे सहा-सात थर, त्यावर फाडलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि वर दोन इंच सुकं गवत, हे सगळ्यात साधं आणि भरवशाचं. शिरोळ-मिरजेकडे असो की वाई-पाटणकडे, एवढं कुठंही मिळतं. भाताची पिंजरही वरच्या थराला चांगली. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या मिळाल्या तर कागदाऐवजी एक इंच थर पुरतो, त्या लघवी छान शोषतात आणि वास धरून ठेवतात.

रसवंतीवरचा उसाचा चोथा फुकट मिळतो म्हणून आणू नका. तो वाळवला तरी त्यात गोडवा उरतो, दुसऱ्या दिवशी ट्रे मुंग्यांनी भरतो, आणि ओला झाला की आंबतो. पाचट शोषत नाही आणि त्याच्या कडा कापतात. भाताचं तूस वरवर कोरडं दिसतं, पण लघवी खाली तशीच साचते. वखारीतला भुसा कोणत्या लाकडाचा ते कळत नाही, धूळ बारीक असते आणि सशाची नाकं नाजूक. देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा तर नकोच. शेंगांच्या टरफलांना ओल लागली की बुरशी धरते आणि ससा ती चावतो. मांजरांच्या ट्रेत घालायची, ओली झाली की गोळे होणारी माती (लिटर) सशाच्या पोटात गेली तर आतडं बंद पडू शकतं. मक्याच्या बुरकुंडाच्या चुऱ्याची लिटरही त्याच कारणानं टाळा.

गवताबद्दल एक सूचना. दिवाळीनंतर डोंगरउतारावर कापलेलं गवत स्वस्त असतं, पण उशिरा कापलेल्या भाऱ्यात कुसळं असतात. ती डोळ्यात, ओठात, पायाच्या केसांत रुततात. भारा घेण्याआधी मूठभर गवत तळहातावर चोळून बघा. टोचलं तर तो भारा गुरांसाठी सोडा.

चारा ट्रेतच ठेवायचा

सशाला खाता खाता लेंड्या टाकायची सवय असते. गवत एका कोपऱ्यात आणि ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला की तो खाण्याच्या जागीच बसून राहतो. म्हणून सुक्या गवताची टोपली किंवा जाळी ट्रेच्या आतल्या टोकाला, त्याच्या तोंडाच्या उंचीवर बांधा. मागे टेकवून ठेवू नका, त्याला ट्रेत बसूनच तिथवर पोचता आलं पाहिजे. रोज त्याच्या अंगाएवढं सुकं गवत हवं. पाणी मात्र ट्रेबाहेर, हातभर अंतरावर, जड मातीच्या कुंडीत.

खाण्याचा संबंध थेट स्वच्छतेशी आहे. पोळी, भात, बिस्किट, मूठभर हरभरे किंवा शेंगदाणे घातले की मऊ लेंड्या अंगाला चिकटतात, फरशीवर डाग पडतात, आणि लोक समजतात ससा ट्रे विसरला. मोठ्या सशाला रोज मेथी घास (लसूणघास) घातला तर कॅल्शियम जास्त होतं आणि लघवी पांढरट, घट्ट होते. हरळी आणि सुकं गवत हा पाया, भाजीपाला थोडा, आणि मेथी घास फक्त वाढत्या पिल्लांना.

घरातले पहिले दोन-तीन आठवडे

सुरुवातीला पूर्ण घर मोकळं देऊ नका आणि अंगणही बंद. चार फूट बाय चार फुटांची जागा कुंपण घालून करा. खाली जुना फ्लेक्स अंथरा, गुळगुळीत बाजू वर, आणि कडा पाट किंवा विटांखाली दाबून ठेवा, नाहीतर तो कुरतडून गिळेल. आत चटई, पोतं, गोधडी काही नको. या दिवसांत मऊ जागा फक्त ट्रेमध्ये.

पहिले दोन दिवस नुसतं बघा. ज्या कोपऱ्यात तो लघवी करतो, ट्रे त्याच कोपऱ्यात सरकवा. तुमच्या सोयीच्या कोपऱ्यात त्याला आणण्याचा हट्ट धरला तर महिना वाया जाईल. दोन कोपरे निवडले असतील तर दोन ट्रे ठेवा, एक नंतर काढता येतो. बाहेर झालेली लघवी कागदानं टिपून तो कागद ट्रेत टाका, लेंड्याही उचलून ट्रेत. तो शेपूट उचलून मागचा भाग किंचित रेटत थबकला की लघवी येते आहे. तेवढ्यात हळू आवाजात ट्रेकडे वळवा. उचलून धावपळ करू नका. ओरडलं, मारलं, नाक लघवीत खुपसलं तर तो तुमच्यापासून लपून करायला शिकतो. ट्रेत झाल्याबरोबर दोन सेकंदांच्या आत कोथिंबिरीची एक काडी द्या. पाच मिनिटांनी दिलेल्या बक्षिसाचा त्याला काहीच अर्थ लागत नाही.

ट्रे रोज धुऊन लख्ख करणं हीही चूक आहे. वासानंच त्याला जागा कळते. रोज फक्त ओला भाग काढा, आठवड्यातून दोनदा सगळं बदला, आणि नव्या गवतात जुन्या लेंड्यांची एक मूठ टाका. सलग सात दिवस ट्रेबाहेर लघवी नाही, असं झालं की कुंपण दोन फुटांनी वाढवा. पुन्हा चुकलं तर मागच्या मापावर या. एक खोली जमली की अंगणाचा विचार.

अंगण उघडताना

सकाळी ट्रेत ताजं गवत घाला आणि थांबा. रात्रभराची लघवी झाली की मगच दार उघडा. या एका नियमावर पुढचं सगळं उभं आहे: ट्रे वापरला की अंगण मिळतं, हे त्याला आठवड्याभरात कळतं. पहिले काही दिवस १५ मिनिटं, मग अर्धा तास, मग एक तास. परत आणल्यावर थेट खोलीत सोडू नका. आधी ट्रेच्या कुंपणात २० मिनिटं, पुढ्यात गवत ठेवून. बाहेरून आलेला ससा घरात पाऊल टाकताच हद्द पुन्हा आखायला बघतो, ती आखणी ट्रेत होऊ द्या.

बाहेरही एक ट्रे हवा, आतल्यासारखाच. तीच घमेल्याची जात, तेच गवत. तीन-चार दिवस बघा, ओली माती कुठं दिसते. बहुधा भिंतीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी किंवा पत्र्याखाली. ट्रे तिथंच ठेवा आणि सावली नसेल तर पोतं ताणून सावली करा. उन्हात तापलेल्या प्लास्टिकमध्ये कोणताही ससा बसणार नाही. बाहेरच्या ट्रेत आतल्या ट्रेमधली मूठभर लेंडी टाका. हिंडताना दर २० मिनिटांनी त्याला हाक मारून ट्रेजवळ बोलवा. अंगणात गवतावर लघवी झाली तर दुर्लक्ष करा. बाहेरचा ट्रे आहे तो सवय तुटू नये म्हणून.

ज्या सशाला आधीच वर्षभर मातीत करायची सवय आहे त्याला कागद ओळखीचा वाटत नाही. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातली माती घ्या, उन्हात पूर्ण वाळवा आणि आतल्या ट्रेत एक इंच पसरा, वर सुकं गवत. दर दोन-तीन दिवसांनी थोडी माती काढून कागद वाढवा, साधारण दहा दिवसांत माती संपली पाहिजे. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की तळव्याच्या केसांत गोळे होतात, तिथं दोन मुठींपेक्षा जास्त घालू नका आणि पाय रोज तपासा.

बाहेरचं कुंपण सहा फूट बाय चार फुटांचं तरी असावं. वेल्डमेश जाळी, एक इंचापेक्षा लहान भोकांची. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं फाडतं. जाळीचा फूटभर भाग आतल्या बाजूला जमिनीवर दुमडून विटा ठेवा, नाहीतर तो उकरून बाहेर जाईल. वरूनही जाळी हवी, घार आणि मांजर दोन्ही वरून येतात. मुंगूस लहान पिल्लू दिवसाढवळ्या नेतं. उसाच्या फडालगतच्या वस्तीवर, विशेषतः कराड-पाटण भागात, अंधार पडायच्या आत ससा घरात असू द्या, बिबट्याचा वावर तिथं नवा नाही.

कुठलं गवत खातो तेही बघा. तासगाव-मिरज भागात घराला लागून द्राक्षबाग असेल तर फवारणीचा तुषार अंगणापर्यंत येतो. फवारणीच्या दिवशी ससा आत, आणि ज्या कडेला तुषार आला तिथलं गवत त्याला चरू देऊ नका. बांधावर तणनाशक मारलेलं असतं, तिथलं गवत आणूही नका. परड्यात कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड किंवा गाजरगवत असेल तर कुंपण त्यापासून लांब.

ऋतू

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो आणि सशाला ३० अंशांच्या पुढचं सोसत नाही. सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यानंतर (फडालगत असाल तर अंधार पडेपर्यंतच) एवढाच वेळ बाहेर. कान गरम, तोंड उघडं, लाळ गळते आहे असं दिसलं तर सावलीत घ्या, कानांना साध्या पाण्यानं ओलावा द्या आणि लगेच डॉक्टरकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पावसाळा जास्त त्रासाचा. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे दिवसेंदिवस बाहेर सोडता येत नाही. ससा चिडतो आणि दारापाशी लघवी करतो. त्या दिवसांत दाराजवळच एक जादा ट्रे ठेवा. गवत माळ्यावर गोणपाटात साठवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. ट्रे रोज बदला, कारण गोठ्यातल्या माश्या ओल्या, घाण लागलेल्या केसांत अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडून त्या कातडी खायला लागतात. सशाची शेपटीखालची बाजू दिवसातून दोनदा बघा. गोचीड दिसले तर कुत्र्यांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं औषध लावू नका, ते सशाला मारू शकतं.

डाग आणि वास

सशाच्या लघवीतले क्षार ट्रेच्या तळाला पांढरे थर धरतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं ओतून २० मिनिटं ठेवा, घासा, धुवा, उन्हात वाळवा. हेच पाणी शहाबादी फरशीवर मात्र ओतू नका. ती चुनखडीची असते, आम्लानं तिची चकाकी कायमची जाते. फरशी आणि कोबा साबणाच्या पाण्यानंच पुसा. शेणानं सारवलेली जमीन लघवी पिऊन घेते, तिथं ओला पापुद्रा खरवडून काढा आणि पुन्हा सारवा, नाहीतर तो दर वेळी तिथंच येईल. फिनेल कुठंही नको, त्याच्या उग्र वासानं ससा ट्रेच सोडतो.

जमत नसेल तेव्हा

ट्रेत बसूनही लघवी बाहेर पडत असेल तर तो मागचा भाग कडेवर टेकवतो आहे. मागची भिंत २५ सेंटिमीटरची करा. सगळं उकरून बाहेर फेकत असेल तर गवताचा थर कमी करा आणि उकरायला वेगळी मातीची पाटी द्या. ट्रेत झोपतो, ही तक्रार नव्हे, त्याला जागा आवडली आहे. फक्त गादीवरच लघवी करत असेल तर महिनाभर गादीची वाट बंद. मादी अचानक केस उपटून ट्रेत घरटं करायला लागली तर ती गाभण आहे किंवा तिला तसा भास झाला आहे.

महिनोन्महिने नीट असलेला ससा अचानक बाहेर करायला लागला तर शिस्त लावत बसू नका. मूत्राशयात क्षारांचा गाळ, खडे, संसर्ग, म्हाताऱ्या सशाची सांधेदुखी यांची ही पहिली खूण असते. शेपटीखाली सतत ओलं असणं, लघवी करताना कण्हणं, घट्ट पांढरा चिखलासारखा द्राव दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. नारिंगी किंवा तांबूस लघवी बहुतेक वेळा खाण्यातल्या रंगद्रव्यानं होते, पण रक्ताची गाठ किंवा रेघ दिसली तर ती वेगळी. लहान, कोरड्या, माळेसारख्या केसांनी जोडलेल्या लेंड्या म्हणजे गवत कमी पडतं आहे आणि केस पोटात जात आहेत. १० ते १२ तासांत एकही लेंडी नाही आणि खाणंही बंद, तर सकाळची वाट बघू नका, आतडी थांबलेली असू शकतात. घरातलं माणसांचं अमॉक्सिसिलिन तोंडानं कधीही देऊ नका, ते सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्याचा जीव घेतं.

ट्रेमधून निघालेल्या सुक्या लेंड्या थेट गुलाबाला, जास्वंदीला, आंब्याच्या रोपाला घालता येतात. हे थंड खत आहे, मुळं जळत नाहीत. लघवीनं भिजलेला कागद आणि गवत मात्र परड्याच्या कोपऱ्यात खड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्या आणि कुजल्यावरच वापरा. मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांना लेंड्याही कुजवूनच घाला.